गोठा, होडी, जंगल आणि कोड

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराच्या बातमीनं आणि मच्छीमारांच्या विरोधानं तो दिवस व्यापला, आणि ते साहजिकच होतं. पण त्याच कार्यक्रमात आणखी एका योजनेचा देशपातळीवर आरंभ झाला. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्यानं ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. तंत्रज्ञान इस्रोचं. मोबाइलची रेंज संपते त्याच्या पुढेही होडीवरून किनाऱ्याला आणि किनाऱ्यावरून होडीला निरोप जावा, वादळाची सूचना वेळेत मिळावी, संकटात सापडलेली होडी शोधता यावी, हा तिचा हेतू. निरोप उपग्रह पोहोचवतो. पण तो तांडेलाला कळेल अशा भाषेत दिसतो का, हलत्या होडीत ओल्या हातानं बटण दाबता येतं का, मदतीची हाक चुकून गेली तर ती मागे घेता येते का, हे सगळं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस ठरवतो.

तो माणूस आपल्याच किनारपट्टीवरचा का असू नये?

माकुणसार, एडवण, दातिवरे, केळवे या पट्ट्यातली कितीतरी मुलंमुली आज कॉम्प्युटर शिकतात. कुणी पालघरला दांडेकर महाविद्यालयात, कुणी पालघर-बोईसरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, कुणी सफाळ्याहून लोकल पकडून विरारच्या पुढे. आयटीतली नोकरी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बँकेचं सॉफ्टवेअर, विमा कंपनीचं कॉल सेंटर, ऐरोलीतली किंवा पुण्यातली काचेची इमारत येते. घरी गोठ्यात म्हैस असते, शेजारच्या गावात मामाची होडी असते, पावसाळ्यात किनाऱ्यावर जखमी कासव लागलेलं असतं. पण शिकत असलेल्या विषयाशी त्याचा काही संबंध असेल असं कुणी सांगत नाही. संबंध आहे, आणि तो पोट भरण्याइतका पक्का होत चालला आहे. जनावरं, मासे आणि वन्यप्राणी यांच्याशी जोडलेल्या सॉफ्टवेअरचं काम आज नेमकं काय असतं, ते कोण देतं आणि त्यासाठी काय शिकावं लागतं, ते पाहू.

कानातला बिल्ला

गाईम्हशींच्या कानात दिसणारा पिवळा बिल्ला आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यावर १२ आकडी नंबर आणि बारकोड असतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, म्हणजे आणंदच्या एनडीडीबीनं, आधी 'इनाफ' नावाची माहितीप्रणाली उभी केली. पुढे तिची जागा 'भारत पशुधन' या प्रणालीनं घेतली. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवर बंदी आली. गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर झालं, तेव्हा त्यासाठीही जनावराची नोंद सक्तीची होती. हा नंबर आता थेट शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे.

गोठ्यात प्रत्यक्ष काय होतं ते पाहिलं की या कामातली अवघड जागा दिसते. पशुधन पर्यवेक्षक येतो. म्हशीला दाव्यानं खांबाशी घट्ट बांधतात, एक जण शिंगं धरतो. कानाच्या मधोमध, शिरा टाळून, चिमट्यासारख्या यंत्रानं बिल्ला ठोकला जातो. म्हैस मान झटकते. मग फोन काढून बारकोड स्कॅन करायचा आणि माहिती भरायची: मालकाचं नाव, मोबाइल नंबर, जात, वय, कितवं वेत, गाभण की भाकड, दुधात आहे की नाही, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली. एका हाताला शेण लागलेलं, ऊन थेट स्क्रीनवर आणि पुढच्या गोठ्यात दहा जनावरं वाट पाहत असलेली.

आता हीच जागा प्रोग्रामरच्या नजरेनं पाहा. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर नेटवर्क नसलं, तर नोंद फोनमध्येच साठली पाहिजे आणि रेंज येताच मुख्य सर्व्हरवर गेली पाहिजे. त्याच जनावराची नोंद दुसऱ्या फोनवरूनही झाली असेल, तर दोघांतली कोणती खरी धरायची? कुंपणात अडकून बिल्ला तुटला आणि नवा लावला, तर जुन्या नंबरचा इतिहास नव्याला जोडला जाणार की म्हैस कागदावर पुन्हा जन्माला येणार? जनावर विकलं तर मालक बदलतो, पण लसीकरणाची नोंद जनावरासोबतच जायला हवी. मालक वारला तर त्या नोंदीचं काय? हे सगळे डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकातलेच प्रश्न आहेत. फरक एवढाच की इथे उत्तर चुकलं तर कुणाचं तरी अनुदान अडकतं, नाहीतर साथीच्या दिवसांत एखादं गाव लसीकरणातून सुटतं.

जातीचा रकाना त्याहून नाजूक आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात आणि इगतपुरीकडे डांगी गाय आहे. धुवाधार पावसात भातखाचरात उभी राहणारी, तेलकट कातडीची ही जात. अ‍ॅपमधल्या यादीत 'डांगी' पटकन सापडलं नाही, तर घाईतला माणूस 'गावठी' निवडून पुढे जातो. अशा हजार निवडी झाल्या की सरकारी आकड्यांत डांगी कमी होते, आणि कमी दिसणाऱ्या जातीसाठी योजना आखायची कुणी? ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत जातवार मोजणीवर भर होता, २१९ देशी जाती त्या यादीत होत्या. एवढी मोठी यादी छोट्या स्क्रीनवर कशी दाखवायची, जिल्हा पाहून स्थानिक जाती आधी दाखवायच्या का, सोबत फोटो द्यायचा का, हे ठरवणं हा कामाचाच भाग आहे. डांगी ओळखणारा मुलगा हे चांगलं ठरवेल.

संकलन केंद्रावरचे दहा सेकंद

दुधाच्या धंद्यात कॉम्प्युटर तसा जुना आहे. सहकारी संस्थांच्या संकलन केंद्रांवर गेली अनेक वर्षं दूध मोजण्याचं काम यंत्रावर होतं. शेतकरी किटली रिकामी करतो, वजनकाटा लिटर दाखवतो, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कळतं, दरपत्रकातून भाव निघतो आणि पावती बाहेर येते. हे सगळं जेमतेम दहा सेकंदांत झालं पाहिजे, कारण मागे रांग असते आणि दूध तापत असतं.

या दहा सेकंदांत तीन वेगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात. काटा एका कंपनीचा, फॅट मोजणारं यंत्र दुसऱ्या कंपनीचं, प्रिंटर तिसऱ्याचा. दरपत्रक म्हणजे एक मोठा तक्ता: उभ्या रांगेत फॅट, आडव्या रांगेत एसएनएफ, आणि प्रत्येक चौकोनात दर. गाईचं दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून मोजतात, म्हशीच्या दुधाचा हिशोब वेगळा. यंत्रानं ६.४५ फॅट दाखवलं तर ते ६.४ धरायचं की ६.५? लिटरला ५० पैशांचा फरक पडला, तर रोज ८ लिटर घालणाऱ्या बाईचे दहा दिवसांच्या बिलात ४० रुपये जातात. ते का गेले हे तिला कुणी सांगत नाही, कारण तो निर्णय कोडच्या एका ओळीत दडलेला असतो. म्हणून अशा प्रोग्राममध्ये आकडा कुठे आणि कसा पूर्ण करायचा याचा नियम लेखी असावा लागतो, तो संस्थेच्या फळ्यावर लागावा लागतो, आणि पावतीवर फॅट, एसएनएफ, दर, रक्कम हे चारही आकडे वाचता येतील एवढ्या टाइपात हवेत. मराठीत हवेत, हे वेगळं सांगायला नको.

दूध गोळा झालं की ते ४ अंशांपर्यंत थंड ठेवावं लागतं. बल्क कूलरचं तापमान रात्री वर चढलं आणि कुणाला कळलं नाही, तर सकाळी अख्खी टाकी फेकावी लागते. तापमानाचा सेन्सर, त्याची नोंद आणि मर्यादा ओलांडताच जाणारा फोन, हे काम तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशन करणाऱ्या मुलाला अगदी परिचयाचं आहे. रासायनिक कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरचं तापमान पाहणारं कौशल्य डेअरीत तसंच्या तसं चालतं. बंगळुरूची स्टेलॅप्स ही कंपनी २०११ पासून नेमक्या याच साखळीवर, म्हणजे गोठा, संकलन केंद्र आणि शीतकरण यांच्या डिजिटल नोंदींवर, उभी आहे.

मुका माज आणि परदेशी यंत्र

नेदरलँड्सच्या लेली कंपनीचा दूध काढणारा रोबो १९९२ साली गोठ्यात आला. तिथून पुढे युरोप, इस्रायल आणि अमेरिकेत गाईच्या गळ्यातल्या पट्ट्यात किंवा पायात सेन्सर बसवण्याची पद्धत रुळली. गाय माजावर आली की जास्त फिरते, रवंथ कमी करते. सेन्सरला ते कळतं आणि मालकाच्या फोनवर सूचना येते. कृत्रिम रेतन योग्य वेळी झालं तर गाय वेळेत गाभण राहते. माज साधारण २१ दिवसांनी येतो. एक हुकला तर तीन आठवडे वाया गेले, आणि त्या काळातलं चारापाणी अंगावर पडलं.

पण हे गणित होल्स्टिन गाईंच्या मोठाल्या कळपांवर शिकवलेलं आहे. आपल्याकडच्या तबेल्यात म्हैस असते, आणि म्हशीचा माज बहुधा मुका असतो. ती फारशी ओरडत नाही, दुसऱ्या म्हशीवर चढत नाही, लक्षणं रात्री किंवा पहाटे दिसतात. उन्हाळ्यात तर आणखीच कमी. शिवाय मुंबईकडच्या तबेल्यातली म्हैस दावणीला बांधलेली असते, त्यामुळे 'जास्त चालली' हा निकषच गळून पडतो. परदेशी पट्टा तिच्या गळ्यात बांधला तर सूचना चुकणारच. इथे हवं आहे ते म्हशीच्या वागण्यावर, इथल्या हवेत, इथल्या गोठ्यात गोळा केलेल्या माहितीवर शिकवलेलं मॉडेल. ती माहिती गोळा करायला डॉक्टर हवा, म्हैसवाला हवा आणि आकडे हाताळणारा हवा. तिघांनी एकत्र बसल्याशिवाय ते होणार नाही.

आनुवंशिकतेच्या बाजूनंही असंच काम उघडलं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला 'गौचिप' आणि 'महिषचिप' या जीनोमिक चिप्सचं अनावरण झालं. देशी गाईम्हशींच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यातून त्यांची आनुवंशिक गुणवत्ता लहान वयातच जोखता यावी यासाठी त्या बनवल्या आहेत. एका जनावरामागे हजारो खुणांची माहिती तयार होते. ती साठवणं, तपासणं आणि दुधाच्या नोंदींशी जोडून पाहणं हे जैवमाहितीशास्त्राचं काम आहे. ज्याला संख्याशास्त्र आवडतं त्याला इथे पुढची अनेक वर्षं काम पुरेल.

पापलेट मोजणारा कॅमेरा

समुद्राकडे वळू. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे याची सल्लापत्रकं काढते. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्याचं प्रमाण मोजतात. थंड आणि गरम पाणी जिथे भेटतं, जिथे वनस्पतीप्लवक वाढलेले असतात, तिथे लहान मासे येतात आणि त्यांच्या मागे मोठे. त्या पट्ट्याचे अक्षांश, रेखांश, बंदरापासूनचं अंतर, दिशा आणि खोली असा सल्ला स्थानिक भाषांतून मिळतो. डिझेल वाचतं, वेळ वाचतो. ढग आले की उपग्रहाला दिसत नाही, तेव्हा सल्लाही थांबतो. ही मर्यादा वापरणाऱ्याला स्पष्ट सांगणं हेही चांगल्या सॉफ्टवेअरचं लक्षण आहे, नाहीतर एकदा फसलेला तांडेल पुन्हा त्या अ‍ॅपकडे बघत नाही.

दुसरा प्रश्न अगदी सातपाटीच्या दारातला. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला, तेव्हा सातपाटीचं नाव सगळीकडे झालं. पण पापलेट कमी होतोय, आणि त्याचं एक कारण म्हणजे पिल्लं जाळ्यात येतात. राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. नियम झाला, पण बंदरावर टोपल्यांचे ढीग उतरत असताना पट्टी घेऊन मासा कोण मोजणार?

इथे फोनचा कॅमेरा उपयोगी पडू शकतो. माशाच्या शेजारी ठराविक लांबीची खूण ठेवून फोटो काढला, तर प्रोग्राम माशाची कड शोधतो, खुणेशी तुलना करतो आणि लांबी सांगतो. चित्र ओळखण्याची अशी तंत्रं आज मोफत उपलब्ध आहेत, कॉलेजातला विद्यार्थी ती एका सत्रात शिकू शकतो. अवघड असतं ते पुढचं: चमकत्या खवल्यांवरून परावर्तित होणारा उजेड, एकावर एक पडलेले मासे, वाकलेली शेपटी, बर्फ. प्रयोगशाळेत नीट चाललेला प्रोग्राम बंदरावर कोसळतो तो यामुळे. ज्या मुलीनं लहानपणापासून आईबरोबर बंदरावर मासे वेगळे केले आहेत, तिला कोणते फोटो गोळा करायला हवेत हे कुठल्याही तज्ज्ञाआधी कळेल. आणि अशा मोजणीतून केवळ दंड करायचा नसतो; कुठल्या महिन्यात, कुठल्या खोलीवर, कुठल्या जाळ्यात पिल्लं जास्त येतात हे कळलं, तर मच्छीमार संस्था स्वतःच आपले नियम ठरवू शकतात.

खाड्यांकाठच्या कोळंबीच्या तळ्यांतही असंच आहे. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी होतो, कारण रात्रभर शेवाळही तो वापरत असतं. त्या वेळी पंखे चालू नसले तर एका रात्रीत पीक मरतं. आंध्रातल्या इरुवाका आणि चेन्नईच्या अ‍ॅक्वाकनेक्ट या कंपन्या तळ्यांसाठी सेन्सर, खाद्य देणारी यंत्रं आणि सल्ला यांवरच वाढल्या.

आजोबा, बागेश्री आणि साडेतीन कोटी फोटो

वन्यप्राण्यांच्या बाबतीत पालघर-वसईच्या वाचकाला आजोबा आठवेल. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जीपीएस कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. तो डोंगर, रेल्वेमार्ग, महामार्ग ओलांडत वसईच्या औद्योगिक भागातून आणि खाडी पोहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. सुमारे १२० किलोमीटर. २०११ च्या डिसेंबरात वाहनाच्या धडकेत तो गेला. पण त्याच्या कॉलरनं एक गोष्ट लोकांना दाखवून दिली: बिबट्या माणसांच्या वस्तीतून, कुणाला न दुखावता, रात्रीचा निघून जातो.

कॉलरमागचं गणित साधं पण कडक आहे. दर तासाला ठिकाण नोंदवलं तर बॅटरी लवकर संपते. दिवसातून दोनदा नोंदवलं तर बिबट्यानं महामार्ग कुठे ओलांडला ते कळत नाही. किती वेळानं नोंद घ्यायची, दरीत उपग्रह न दिसल्यामुळे आलेली चुकीची ठिकाणं कशी गाळायची, दोन ठिकाणांमधली वाट कशी अंदाजायची, या प्रत्येक प्रश्नावर काम करणारी माणसं लागतात. त्यांच्या उत्तरांवरून उद्या द्रुतगती महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयार कुठे ठेवायचं हे ठरू शकतं, आणि आपल्या जिल्ह्यातून आज किती रस्ते आणि लोहमार्ग जात आहेत ते सगळ्यांना दिसतं आहे.

समुद्री कासवाचा टॅग आणखी वेगळा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रह टॅग लावला गेला, पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिला प्रयोग. मँग्रोव्ह फाउंडेशन आणि भारतीय वन्यजीव संस्था त्यामागे होत्या. २०२३ मध्ये गुहागरला टॅग लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. कासव श्वास घ्यायला वर येतं तेवढ्या क्षणांतच संदेश जातो, त्यामुळे ठिकाणात कित्येक किलोमीटरची चूक असू शकते. तो कचरा गाळून खरी वाट काढणं, हेच त्यातलं सॉफ्टवेअर. उलट २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ नंबरची साधी धातूची पट्टी लावलेलं कासव २०२४ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलं, आणि दोन नोंदी जुळल्या म्हणून ते कळलं. कुणीतरी नंबर नीट लिहून ठेवला होता. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात पावसाळ्यात येणाऱ्या जखमी कासवांच्या नोंदी, तुटक्या जाळ्यांचे फोटो, किनाऱ्याचं ठिकाण हे सगळं अशा नोंदवहीत जुळत गेलं, तर जाळी कुठून येतात याचाही माग लागेल.

मोठ्या प्रमाणावरचं काम पाहायचं तर २०१८ ची व्याघ्रगणना घ्या. २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बाकी हरणं, गुरं, माणसं, वाऱ्यानं हललेलं गवत. एवढे फोटो माणसानं बघायचे तर वर्षं गेली असती. प्रजाती वेगळ्या करणाऱ्या एका प्रोग्रामनं ते चाळले, दुसऱ्यानं पट्ट्यांची नक्षी जुळवून एकेक वाघ ओळखला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि चालताना वाकलेल्या अंगावरची नक्षी सपाट करून तुलना करावी लागते. वनरक्षक रोज जंगलात कुठून फिरला याची नोंद एम-स्ट्राइप्स या प्रणालीत २०१० पासून होते आहे. अशा कामांत गोपनीयता मोठी असते. कासवाच्या घरट्याचं किंवा वाघिणीच्या गुहेचं नेमकं ठिकाण उघड झालं तर शिकाऱ्याला पत्ता मिळतो. कोणाला किती दिसावं हे ठरवणारा कोड तिथे जीव वाचवतो.

नोकरी कुठे असते

हे क्षेत्र बँकिंगच्या सॉफ्टवेअरइतकं मोठं नाही, हे आधी लक्षात घ्यावं. इथली वाट तीन बाजूंनी जाते.

पहिली सरकारी आणि निमसरकारी. एनआयसी, एनडीडीबी, इन्कॉइस, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, बंगळुरूची निवेदी ही पशुरोगांचे अंदाज काढणारी संस्था, डेहराडूनची वन्यजीव संस्था. इथे कायम पदांबरोबरच ठराविक मुदतीच्या प्रकल्पांवर जागा निघतात: प्रकल्प सहायक, जीआयएस सहायक, डेटा विश्लेषक. मुदत संपली की पुढचं शोधावं लागतं, पण शिकायला याहून चांगली जागा नाही.

दुसरी खासगी. दूध, कोंबडी, कोळंबी, पाळीव प्राणी आणि पशुवैद्यकीय दवाखाने यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या, जनावरांच्या खरेदी-विक्रीचं अ‍ॅनिमॉलसारखं अ‍ॅप, आणि पशुऔषधांच्या मोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञान विभाग. त्यांत प्रोग्रामर लागतातच, पण चाचणी करणारे, गावोगाव जाऊन यंत्र बसवून शिकवणारे, तक्रारी ऐकून त्या प्रोग्रामरला समजेल अशा लिहिणारे यांची गरज त्याहून जास्त असते. मराठी चांगली बोलणारा, गोठ्यात पाय ठेवायला न कचरणारा पदवीधर या जागेवर फार उपयोगी ठरतो, आणि तिथून पुढे वाढतो.

तिसरी संस्थांची. बीएनएचएस, बाएफ, मँग्रोव्ह फाउंडेशन यांसारख्या संस्थांत आकड्यांची जाण असलेला माणूस टिकतो. बाएफचं काम जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर वाडी प्रकल्पाच्या रूपानं लोकांनी पाहिलेलंच आहे.

काय शिकावं

कॉलेजात जे शिकवतात ते पाया म्हणून पुरेसं आहे: एक प्रोग्रामिंग भाषा नीट, बहुधा पायथॉन, एसक्यूएल, अँड्रॉइड अ‍ॅप, त्यातही नेटवर्क नसताना चालणारं. त्यावर जीआयएसची भर घालावी. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. संख्याशास्त्र टाळू नये. जनावरांच्या माहितीत नेहमी रिकाम्या जागा, दुहेरी नोंदी आणि अंदाजानं भरलेली वयं असतात, आणि ते ओळखायला संख्याशास्त्रच लागतं. फोटोंसाठी मेगाडिटेक्टर, प्राण्यांच्या प्रवासाच्या नोंदींसाठी मूव्हबँक, पक्ष्यांसाठी ईबर्ड, ही साधनं आणि माहितीसाठे घरबसल्या हाताळता येतात.

मग दुसरा अर्धा भाग. पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची, मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. ज्यांनी ती पदवी घेतली आहे त्यांनी कोडिंग शिकलं तर त्यांच्यासारखा माणूस मिळणं अवघड. पण कॉम्प्युटरवाल्यानं पशुवैद्य व्हायची गरज नाही. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जावं, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परवानगी घेऊन काही सकाळी बसावं, १९६२ या नंबरावर येणाऱ्या फिरत्या पथकाचं काम पाहावं, मच्छीमार सोसायटीची नोंदवही कशी लिहितात ते विचारावं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हीच सुरुवातीची जागा आहे. दरवर्षी शेकडो मुलं ग्रंथालय व्यवस्थापन आणि हॉटेल बुकिंगचे तेच ते प्रोजेक्ट सादर करतात. त्याऐवजी माकुणसारच्या मुलानं गावातल्या दहा गोठ्यांसाठी माज, रेतन, गाभण तपासणी आणि लसीच्या तारखा मराठीत सांगणारं, नेटवर्कशिवाय चालणारं छोटं अ‍ॅप करावं. गाय साधारण २८० दिवसांनी विते आणि म्हैस ३१० दिवसांनी, एवढ्या साध्या हिशोबावर ते सुरू होतं. अ‍ॅप सुरू केल्यावर आठवडाभरानं लोक ते उघडतात का हे पाहावं. उघडत नसतील तर का, ते त्यांनाच विचारावं. मुलाखतीत कुठल्याही कंपनीला हे दाखवलं, तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकेल, कारण खऱ्या वापरणाऱ्यांसमोर तपासलेला प्रोग्राम नवशिक्याकडे क्वचितच असतो.

कॉलेजांनीही यात हात द्यायला हवा. पालघर-बोईसरच्या प्राध्यापकांनी प्रोजेक्टचे विषय ठरवताना पशुसंवर्धन अधिकारी, मत्स्य विभाग आणि वन विभागाकडून त्यांच्या अडचणी लिहून मागवाव्यात. त्यांच्याकडे अडचणींची वानवा नाही, आणि आपल्याकडे मुलांची वानवा नाही. जिल्हा २०१४ साली वेगळा झाला तेव्हापासून इथल्या तरुणांनी इथेच काम करावं असं सगळे म्हणतात. इथली जनावरं, इथला समुद्र आणि इथलं जंगल यांच्यासाठीचं सॉफ्टवेअर दुसरीकडून लिहून येत राहिलं, तर ते म्हशीचा मुका माज ओळखणार नाही आणि डांगीला गावठी म्हणत राहील. ते बदलायचं असेल, तर या वर्षीच्या प्रोजेक्टचा विषय बदलण्यापासून सुरुवात करता येईल.